अकरा जहाजांचं पत्र

आर्गिरो वेर्गीच्या टेबलाच्या खालच्या खणात व्हिजिटिंग कार्डांचं एक खोकं आहे. बारा वर्षांपूर्वी ऑफिसाने दोनशे छापून दिली होती, त्यातली तेरा संपली. चार आईच्या डॉक्टरांना दिली, कारण ते दर वेळी फोन नंबर हरवायचे. दोन शिवणवालीला. सहा मागच्या कोऱ्या बाजूवर भाजीची यादी करून बाजारात गेली आणि परत आली नाहीत. एक टेबलाचा पाय डुगडुगत होता म्हणून त्याच्याखाली सरकवलं, ते अजून तिथेच आहे, आणि आर्गिरोच्या मते सगळ्यात कामाला आलेलं कार्ड तेच. ओळखी वाढवण्याच्या बाबतीत तिची आजवरची कमाई ही एवढी.

असं असून ती वीस वर्षं ग्रीसमधल्या पिरेयस बंदराच्या सागरी महिला मंडळाची सभासद आहे. जहाजांच्या धंद्यात काम करणाऱ्या बायकांनी एकमेकींना धरून राहावं, हा मंडळाचा हेतू. खलाशांची भरती करणाऱ्या, विमा बघणाऱ्या, तेल विकणाऱ्या, बँकेतल्या, अशा चाळीसेक जणी. कार्यक्रमात आर्गिरो कुठे आहे हे शोधायला अक्कल लागत नाही. चीज भरलेले गरम त्रिकोण जिथे मांडलेले असतात तिथे, खांबाला पाठ लावून. कुणी ओळख करून घ्यायला आलीच तर ती म्हणते, "हे घ्या, आत्ताच आलेत." बाई एक उचलते, तेवढ्यात तिला दुसरी कुणीतरी दिसते आणि ती निघून जाते. आर्गिरोला हायसं वाटतं. मग बसमधून घरी जाताना वाईट वाटतं.

"वीस वर्षं जातेस त्या मंडळात," तिची चौऱ्याऐंशी वर्षांची आई म्हणते, "अजून एक जावई आणला नाहीस."

"अगं आई, बायकांचं मंडळ आहे ते."

"त्यांना भाऊ नाहीत का?"



बंदरासमोरच्या रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावर कप्तान लिनार्दोसची कंपनी आहे. तिथे आर्गिरो एकोणिसाव्या वर्षी टायपिस्ट म्हणून लागली आणि पुढे क्रू खात्यात सहायक झाली. त्यालाही आता सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या काळात खात्याला तीन साहेब मिळाले. तिघांनाही कुठली फाइल कुठे असते हे तिनेच शिकवलं, आणि शिकून झाल्यावर तिघांनीही तिला कॉफी आणायला सांगितली. दोनशेच्या वर माणसं तिच्या हातून समुद्रावर जातात. कुणाला कुठल्या बंदरात चढवायचं, कुणाचं लग्न आहे, कुणाची दाढ ठणकते, सगळं तिच्या डोक्यात. आणि ही स्वतः? एजिना बेटाच्या फेरीबोटीत बसली, तर बोट धक्का सोडायच्या आत हिच्या हातात ओकारीची पिशवी. सतराव्या वर्षी तिने वडिलांना, म्हणजे मालवाहू जहाजावरच्या आचाऱ्याला, "मीही समुद्रावर जाऊ का?" असं विचारलं होतं. ते अख्खं जेवण होईपर्यंत हसत होते. पुढच्याच रविवारी एजिनाची ती फेरी झाली आणि विषय मिटला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं ती स्वतःच सांगते.

तरी तिच्या नावावर एक साहित्यकृती आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी स्कायरॉस बेटावरच्या झांबेता नावाच्या मुलीचा अर्ज आला. सागरी अकादमीतली मुलगी, जहाजावर सहा महिने उमेदवारी करायची होती. कप्तान लिनार्दोसने अर्ज वाचला, हातातली मण्यांची माळ दोनदा फिरवली आणि म्हणाला, "नाही म्हणून कळव. पण गोड शब्दांत."

आर्गिरोने तीन दिवस लावले. चार खर्डे फाडले. शेवटी जमलं ते असं: "आपल्या धैर्याचे आम्हांस मनापासून कौतुक वाटते. परंतु आमच्या अकरा जहाजांवर स्वतंत्र स्नानगृह असलेली केबिन सध्या उपलब्ध नाही, याचा आम्हांस खेद होतो. समुद्र आपल्याशी नेहमी शांतपणे वागो." कप्तानाने वाचलं, डोळे पुसले. "वा! असा नकार मला कुणी दिला असता, तर मी आभार मानले असते."

ही कौतुकाची गोष्ट तिने मारियान्थीला सांगितली. मारियान्थी म्हणजे समोरच्या बिल्डिंगमधल्या कंपनीची क्रू खात्यातली बाई, आर्गिरोची कॉफीची मैत्रीण, आणि तिला मंडळात ओढत नेणारीही तीच. "अगं, मला दे ना एक प्रत," मारियान्थी म्हणाली, "आमच्याकडेही असा एक अर्ज येऊन पडलाय." आर्गिरोने दिली. मारियान्थीने आणखी कुणाला दिली. मंडळाची ईमेल यादी निघाली, तेव्हा तिच्यावर सगळ्यात आधी जे फिरलं ते हे पत्र. मनिलाहून तिकीट कोण बदलून देतो, दूतावासातला कुठला कारकून कामाचा आहे, आणि मुलींना नाही कसं म्हणायचं. सहकार्य ते हेच. वर्षानुवर्षं बायका आर्गिरोला कार्यक्रमात भेटून म्हणत, "ते पत्र तुमचंच ना? फार सुंदर." आणि आर्गिरो त्रिकोण पुढे करून लाजत असे.

यंदाच्या जानेवारीत मंडळाचा नववर्षाचा केक कापायचा होता. पिरेयसमध्ये जानेवारी ते फेब्रुवारी दुसरं कामच नसतं. प्रत्येक ऑफिस, प्रत्येक संघटना आपापला केक कापते, आणि फेब्रुवारीअखेर सगळ्यांची वजनं वाढलेली असतात. केकमध्ये एक नाणं दडवलेलं असतं. पहिला तुकडा येशूचा, दुसरा मरियेचा, तिसरा दर्यावर्दींच्या संत निकोलसचा, मग घराचा, मग परक्या पाहुण्याचा, आणि मग माणसांचे. ज्याच्या तुकड्यात नाणं, त्याचं वर्ष भाग्याचं.

मंडळाची अध्यक्ष थेक्ला. ही विमा कंपनीत दावे बघते, आणि अर्ध्या पिरेयसचे जहाजमालक तिच्या सहीसाठी तिष्ठत बसतात. तिने यंदाचा विषय ठेवला होता, 'हातात हात'. भिंतीवर दोन हातांचं चित्र. भविष्यकाळ म्हणून अकादमीतली एक मुलगी बोलावली होती. तिला मंडळातर्फे प्रवासाची चामडी बॅग द्यायची, तिने दोन शब्द आभाराचे बोलायचे, की टाळ्या आणि वाइन.

मुलगी कार्पाथोस बेटावरची, नाव लेमोनिया. बावीस वर्षांची, खांदे रुंद, केस घट्ट बांधलेले. केकचे तुकडे वाटून झाले, बॅग दिली गेली, फोटो निघाला. लेमोनियाने माइक हातात घेतला.

"बॅग फार छान आहे. आभारी आहे," ती म्हणाली. "पण ती घेऊन जायला माझ्याकडे जहाज नाही."

बायका हसल्या. त्यांना वाटलं, पोरगी गंमत करते आहे.

"अठ्ठावीस फेब्रुवारीच्या आत जहाजावर चढले नाही, तर माझं हेही वर्ष जाईल. गेल्या वर्षीचं गेलंच. बाबा म्हणालेत, यंदा नाही झालं तर परत ये आणि मावशीच्या हॉटेलात खोल्या आवर. खोल्या आवरायची मला लाज नाही. पण मग मी तारे आणि नकाशे कशाला शिकले?" तिने बॅग खाली ठेवली आणि खिशातून घडी केलेले कागद काढले. "मला चौदा कंपन्यांची उत्तरं आलीत. चौदाही अगदी शब्दाला शब्द सारखी. म्हणून मला वाटलं, हा सरकारी नमुना असणार. तुम्ही सगळ्या मोठ्या पदांवर आहात, म्हणून विचारते. हा नमुना बदलून घ्यायचा असेल तर कुठल्या ऑफिसात जायचं?"

थेक्लाने मोत्यांच्या माळेला हात लावला.

"आणि अजून एक," लेमोनिया म्हणाली, "पिरेयसमधल्या सगळ्याच कंपन्यांकडे बरोबर अकरा जहाजं कशी?"

तिने कुणाला टोमणा मारला नव्हता. खरंच विचारत होती, आणि तेच वाईट होतं. चाळीस बायकांनी चाळीस बश्यांमध्ये बघायला सुरुवात केली. मारियान्थीच्या कंपनीकडे तेहेतीस जहाजं होती. तिच्या शेजारी बसलेल्या बाईच्या मालकाकडे दोन. आणि आर्गिरोच्या स्वतःच्या कंपनीकडे आता नऊ. दोन भंगारात गेली, त्यांचे कागद तिनेच केले होते. पण पत्रातला अकराचा आकडा तिनेही बदलला नव्हता! नकलेचं सोडा, मूळ प्रतही चुकीचीच.

आर्गिरो घाबरली की खाते. तिने केकचा मोठा घास तोंडात कोंबला आणि दात आवळले. कडकन आवाज झाला. पुढच्या दाताची टोपी निखळली आणि जिभेवर काहीतरी गार आलं. तिने हातावर घेतलं. नाणं.

"नाणं! आर्गिरोला मिळालं!" मारियान्थी ओरडली. सगळ्या सुटल्यासारख्या टाळ्या पिटायला लागल्या. विषय बदलायला देवानेच हात दिला, असं थेक्लाला वाटलं असावं. तिने माइक मुलीच्या हातातून काढून आर्गिरोच्या हातात दिला. "भाग्यवान बाई, दोन शब्द!"

वीस वर्षांत आर्गिरो माइकवर एक अक्षर बोलली नव्हती. आज बोलायची वेळ आली तर पुढचा दात गायब. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची? तिला 'बरं आहे, आभार' एवढंच म्हणून सुटता आलं असतं. पण मुलगी तिच्याकडे बघत होती. उत्तराची वाट बघत होती.

"ते सरकारी नाहीये," आर्गिरो म्हणाली. प्रत्येक शब्दाबरोबर फटीतून वारा बाहेर पडत होता. "ते पत्र माझं आहे. कुठल्या ऑफिसात जायला नको, बाळा. लिहिणारी इथेच उभी आहे."

थेक्ला माइक परत घ्यायला पुढे आली, पण आर्गिरोने तो सोडला नाही.

"लिहिलं तेव्हा खरं होतं. दोन केबिनींना मिळून एक बाथरूम असायचं. पण ती जुनी जहाजं केव्हाच गेली, नवी आली. दहा वर्षं झाली, आमच्या प्रत्येक केबिनीला स्वतःचं बाथरूम आहे. मला चांगलं माहीत आहे. नकाशे माझ्याच खणात असतात. तरी मी तेच पत्र पाठवत राहिले." तिने जिभेने फट चाचपली. "का पाठवलं विचाराल, तर ते चांगलं लिहिलं गेलं होतं म्हणून. दुसरं कारण मला खरंच सापडत नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. इथे आर्गिरोने खाली बसायला हवं होतं. पण हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची हौस एकदा अंगात आली की माणूस थांबत नाही.

"तू आमच्या जहाजावर जाशील," ती म्हणाली. "अठ्ठावीस तारखेच्या आत."

हे सांगण्याचा तिला कवडीचाही अधिकार नव्हता.

बाहेर कोट घेताना थेक्लाने तिला गाठलं. "आर्गिरो, तू काय करून बसलीस? लिनार्दोस तुला उद्या घरी बसवेल. आणि मुलीला काय सांगशील, पंधरावं पत्र पाठवशील?"

"माहीत नाही."

"दात तरी शोधलास का?"

"बहुतेक गिळला," आर्गिरो म्हणाली.

घरी येऊन तिने राजीनामा लिहिला. नाही म्हणायचा हात बसलेला होता, त्यामुळे वेळ लागला नाही. वाचून बघते तो काय, शेवटच्या ओळीत 'समुद्र आपल्याशी नेहमी शांतपणे वागो' आपसूक येऊन बसलेलं. तिने ते खोडलं. मग तिला रडू आलं. नोकरीचं वाईट वाटतच होतं. चोपन्नाव्या वर्षी कोण ठेवणार आपल्याला? पण त्याहून जास्त त्या मुलीची भीती वाटत होती. आजवर तिने मुलींना नाही म्हटलं होतं, पण खोटी आशा कुणाला दाखवली नव्हती. आज तेही झालं.

सकाळी दहाला कप्तानाने तिला आत बोलावलं. सत्त्याहत्तर वर्षांचा म्हातारा, माळ हातात, फोन समोर. आर्गिरोने पर्सवर हात ठेवला. राजीनामा आत होता.

"बस. तोंडाला काय झालं?"

"दात पडला, कप्तानसाहेब."

"हं. नाणं तुला मिळालं म्हणे." त्याने फोनकडे बोट केलं. "आठ वाजल्यापासून हा बंद नाही. पहिली ती विम्याची थेक्ला. दोन महिने माझी फाइल दाबून बसलीय, आणि आज म्हणते, 'कप्तान, तुमच्यासारखा मालक विरळा.' मग बँकेतली बाई. 'तुमचा आदर्श आम्ही वर कळवणार आहोत.' मग जहाजांची तपासणी करणारी. तेल विकणारी तर रडली गं फोनवर! समोरच्या मारियान्थीने तर दोनदा केला, एकदा आवाज बदलून."

आर्गिरोला हे ठाऊक नव्हतं. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, माझी फार दिवसांची इच्छा होती." कप्तान टेबलावर पुढे वाकला. "आता तू मला सांग, माझी काय इच्छा होती?"

आर्गिरोने सांगितलं. नकाशा आणून समोर पसरला. केबिन, बिछाना, आणि भिंतीपलीकडचा तो छोटा चौकोन. कप्तानाने चष्मा लावून चौकोनावर बोट ठेवलं. "हे काय?"

"बाथरूम."

"केव्हापासून?"

"दहा वर्षं झाली."

"मला कुणी सांगितलं नाही."

"मीच सांगितलं नाही, कप्तानसाहेब."

म्हाताऱ्याने चष्मा काढला. "काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी."

"तू कोण? सहायक."

"हो. सत्तावीस वर्षं," आर्गिरो म्हणाली. आवाज थोडा चढला आणि फटीतून शीळ वाजली. कप्तानाला हसू आलं. चिडलेल्या माणसाला शीळ वाजवताना त्याने पहिल्यांदाच पाहिलं असेल.

"जा, लिही तिला पत्र," तो म्हणाला. "पत्रं तुला चांगली लिहिता येतात. आणि त्या बायकांना सांग, आता फोन पुरे."

आर्गिरो जागेवर येऊन बसली. कॉम्प्युटर चालू केला, आणि तिथेच घोडं अडलं. 'आपल्या धैर्याचे' एवढं लिहून झालं की बोटं आपोआप 'परंतु'कडे वळत. तीनदा तसंच झालं. तिने मारियान्थीला फोन केला.

"अगं, तुझ्याकडे होकाराचं पत्र आहे का? मुलीसाठी?"

"होकाराचं?" पलीकडे कपाटाचं दार वाजलं. "थांब हं. नाही गं. यादीवर विचार ना."

तिने यादीवर विचारलं. दुपारपर्यंत एकतीस उत्तरं आली. एकतीस जणींनी तेच कळवलं: आमच्याकडे नाही. थेक्लाचं सगळ्यात शेवटी आलं: "आमच्याकडेही नाही. तुझं झालं की पाठव."

शेवटी आर्गिरोने तीन ओळी लिहिल्या. एकवीस फेब्रुवारीला कॉन्स्टँटा बंदरात हजर व्हा. विमानाचं तिकीट सोबत आहे. केबिन तुमची आहे, दाराला आतून कडी आहे. तिला स्वतःला ते अगदीच रुक्ष वाटलं. धैर्याचं कौतुक वगैरे काहीच नव्हतं. पत्र मिळताच लेमोनियाने फोन केला. म्हणाली, "आर्गिरोबाई, हे पत्र मी आणखी एकदा वाचून दाखवू का तुम्हाला?" आणि तीनही ओळी तिने मोठ्याने वाचल्या.

एकवीस तारखेला लेमोनिया चामडी बॅग घेऊन चढली. आठ दिवसांनी जहाजावरून तिचा निरोप आला, बाथरूमचा नळ गळतो म्हणून. आर्गिरोने तो निरोप छापून घरी नेला आणि आईला वाचून दाखवला. "मग दुरुस्त करा की," आई म्हणाली. राजीनाम्याच्या मागच्या बाजूवर तोवर भाजीची यादी झाली होती.

मार्चमध्ये मारियान्थीचा फोन आला. "ऐक. आमचा साहेब म्हणतोय, लिनार्दोस घेतो तर आपणही दोन घेऊ. आमची जहाजं तेहेतीस आहेत गं, अकरा नाहीत. नावं आहेत का तुझ्याकडे मुलींची?"

नावं होती. आर्गिरो कागद कधी फेकत नाही. कपाटाच्या तळाशी एका हिरव्या फाइलमध्ये सगळे अर्ज तारखेने लावलेले होते, एकोणीस वर्षांचे, त्रेसष्ट. तिने वरचे, म्हणजे अलीकडचे, काढून मारियान्थीला एकेक नाव वाचून दाखवायला सुरुवात केली. चौदा नावं झाल्यावर मारियान्थी म्हणाली, "बास गं, दोनच हवीत."

"लिहून घे," आर्गिरो म्हणाली. "बाकीची यादीवर टाक."

फोन ठेवून तिने बाकीचा गठ्ठा उलटा केला, तेव्हा फाइलच्या तळाचा अर्ज वर आला. झांबेता, स्कायरॉस. कोपऱ्यात पिवळा पडलेला फोटो, वीस वर्षांची मुलगी, मान ताठ. आता चाळिशीला आली असेल. तिच्यासाठी कुठल्याच कंपनीत जागा नव्हती, आणि आता असून उपयोग नव्हता. आर्गिरो त्या फोटोकडे पाहत राहिली. तिला फार लाज वाटली. गंमत करून टाळता येईल अशी ती लाज नव्हती.

तिने खालचा खण उघडला, खोक्यातून एक कार्ड काढलं. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: "तेव्हा बाथरूम नव्हतं हे खरं. पण सोय करता आली असती. आम्ही केली नाही." पुढच्या बाजूला तिचं नाव, हुद्दा आणि फोन नंबर छापलेला होताच. पाकिटावर एकोणीस वर्षांपूर्वीचा पत्ता घातला आणि दुपारी जेवायच्या सुट्टीत ती ते टाकायला पोस्टात गेली.